न धुतलेला हात

मंडईच्या दिवशी लांजेवारांच्या अंगणात पाहुण्यांपेक्षा माश्या जास्त होत्या. पाहुणे बपेऱ्याच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, दरवर्षी येतात, दिवाळी आटोपली की, दंडारीचं नाचगाणं पाहायला आणि मटण खायला. माश्या यंदाच आल्या. त्यांना अमरनं आणलं होतं.

म्हणजे अमरनं आणला होता बोकड. दसऱ्याला, पिकअपमध्ये उभा करून, गळ्यात झेंडूचा हार घालून. अमर थोरला मुलगा, लाखनीला हायवेवर त्याचं टायरचं दुकान. वर्षातून दोनदा गावी येतो आणि दोन्ही वेळा काहीतरी असं आणतो, की घरात ठेवायला जागा नसते. मागच्या वर्षी आरामखुर्ची. यंदा हा राजा. गुडघ्यापर्यंत कान, छातीपर्यंत दाढी, आणि डाव्या डोळ्यातून गालावर ओघळलेली ओली रेघ.

"पलीकडच्या बाजारातला हाय," अमरनं सांगितलं. "असा बोकड आपल्या भागात नाही भेटत."

खरं होतं. असा डोळाही आपल्या भागात भेटत नव्हता.

धाकटी सून शकुन तेव्हाच म्हणाली होती की याला वीस दिवस वेगळा बांधा. शकुन गावची पशुसखी आहे. आठ दिवसांचं प्रशिक्षण, एक निळी बॅग, थर्मामीटर, आणि डॉक्टरसाहेबांचा मोबाईल नंबर. घरातल्यांना त्या बॅगेची भारी गंमत वाटते. अमरनं सांगितलं की डोळ्याला गाडीतली हवा लागली आहे. भय्याजी, म्हणजे तिचे सासरे, म्हणाले, राजाला कोणी एकट्याला बांधतं का? आणि त्यांनी स्वतःच्या हातानं कोठ्याचं, म्हणजे गोठ्याचं, दार उघडून राजाला अठरा बकऱ्यांच्या मधोमध सोडला.

मंडईपर्यंत बारा जनावरांचे डोळे आले होते.

बकऱ्या पाहतात

राजा: डावा डोळा निळसर, उजवा गळका.

पांढरी: दोन्ही बंद. भिंतीला तोंड लावून उभी राहते, कारण भिंत हलत नाही.

काबरी: बुबुळावर फूल पडलेलं, तांदळाएवढं. चार दिवसांपूर्वी मोहरीएवढं होतं.

काबरीचं पिल्लू: आईचं आचळ शोधताना खुंटा चोखतं.

बाकीच्या आठ: उन्हात डोळे मिटून. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, भजन ऐकताहेत.

आणि सात बकऱ्या या अंगणात नाहीत.

भय्याजी मोजतात

भय्याजींचा डोळ्यांवर हात आहे, हे चार गावांना माहीत आहे. चार गावांना माहीत नसलं, तर भय्याजी सांगतात. खडेमीठ आणि तंबाखू तोंडात धरायचा, चांगला चघळायचा, आणि जनावराच्या उघड्या डोळ्यात पिचकारी मारायची. मग खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकानं डोळा पुसायचा. विद्या त्यांच्या वडिलांची, दुपट्टाही वडिलांचाच. नियम तीन. सर्वांत दुखणाईत जनावर पहिलं घ्यायचं. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत हात धुवायचा नाही आणि दुपट्ट्याचं टोक बदलायचं नाही, कारण गुण त्यात पिकत जातो. आणि कळप अख्खा पाहिजे, दुखणाईतही आणि चांगलाही.

दसऱ्यानंतर त्यांनी हे तीनदा केलं. पहिल्यांदा दोन जनावरांचे डोळे आलेले होते, दुसऱ्यांदा पाच, तिसऱ्यांदा नऊ. या आकड्यांकडे पाहून भय्याजींचा एवढाच निष्कर्ष निघाला, की रोग जबर आहे आणि त्यांच्याशिवाय कोणाला आवरायचा नाही.

आज चौथी वेळ. आज पाहुणे होते, खाटा होत्या, चहा झाला होता. भय्याजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून दोन्ही हातांवर पसरला.

"बावीस वर्षं झाली बाप जाऊन," ते पाहुण्यांना म्हणाले. "बावीस वर्षांत याले पाणी लागू नाही देल्लं. तरी पाहा, किती पांढरा."

पाहुण्यांनी पाहिलं. दुपट्टा पिवळा होता आणि टोकाला कडक झाला होता. भय्याजींच्याही ते ध्यानात आलं असावं. यंदा गुण फार खर्च होतो आहे, असं ते म्हणाले. पाहुण्यांनी माना हलवल्या. मटण अजून शिजायचं होतं.

अमरनं लाखनीहून वडिलांसाठी नवा दुपट्टा आणला होता, घडी न मोडलेला, कागदी चिठ्ठीसकट. तो त्यांनी बाजेवर ठेवून दिला. नव्या कापडाला काय माहीत, म्हणाले. मग जनावरं मोजली.

"बारा. बाकीच्या कोठी हायेत?"

सगळ्यांनी कैलाशकडे पाहिलं. कैलाश धाकटा मुलगा, शकुनचा नवरा. त्यानं मांडवाच्या बांबूकडे पाहिलं.

"बोडीवर हायेत, मामाजी," स्वयंपाकघराच्या दारातून शकुन सासऱ्यांना म्हणाली. बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं. त्याच्या पाळीवर एक झोपडी आहे. आठ दिवसांपासून ती सात बकऱ्यांचा चारापाणी तिकडेच करत होती, आणि कोठ्यातून तिकडे जाताना दर वेळी साबणानं हात धूत होती.

"कायले?"

"त्याईचे डोळे चांगले हायेत. म्हणून."

अंजू पाहते

लेक म्हणजे बापाची वकील. अंजू काल सकाळी नदीपलीकडच्या कारध्याहून, सासरहून आली आणि तेव्हापासून वकिली करते आहे. सात वर्षांची असताना तिचे डोळे आले होते. बापानं पिचकारी मारली, तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. तिसऱ्या दिवशी ते तसेही उघडले असते, पण ही शंका सासरी सांगायच्या गोष्टीत शोभत नाही. कारध्याला तिची सासू तिला नाकाडोळ्यावरून बोलली, की अंजू बापाच्या हाताचा विषय काढते. नदीच्या त्या काठावर तिची तेवढी एकच मिळकत आहे.

म्हणून तिचाच आवाज सर्वांत वर लागला.

"वयनी, आठ दिवसाच्या ट्रेनिंगमंधी सासऱ्याले शिकवाचंही शिकवते का?"

पाहुणे हसले. अमरची बायको टीना खुर्चीत मोबाईल घेऊन बसली होती, ती म्हणाली की डॉक्टरीणबाईला आता फक्त गाडी आणि हॉर्न पाहिजे. पाहुणे पुन्हा हसले. एरवी टीना आणि अंजूचं एकमेकींशी पटत नाही. गेल्या मंडईत दोघी एका लुगड्यावरून बोलेनाशा झाल्या होत्या. आज शकुनच्या कृपेनं दोघी एका बाजूला होत्या.

शकुननं पदर नीट केला. मोठ्या दिराशी ती थेट बोलत नाही, त्यामुळे तिनं सगळं सासऱ्यालाच सांगितलं. डॉक्टरसाहेबांना फोटो पाठवले होते. हा रोग एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जातो, माशीनं जातो, हातानं जातो, कापडानं जातो. दुखणाईत वेगळे ठेवायचे, सावलीत. ट्यूब आहे, घरात चार पडल्या आहेत. डोळ्यात सोडायची, प्रत्येक डोळ्याला वेगळा फडका, तो जाळून टाकायचा. आठवडाभर. बस.

ट्यूब खरोखर पडल्या होत्या. भय्याजींनी घरातल्या एकाही जनावराला ती लावू दिली नव्हती.

"मामाजी, तुमचा गुण बारा जनावरावर दिसू द्या," ती शेवटी म्हणाली. "दिसला, तं मीच साती आणीन. चांदीलेही आणीन."

चांदी शकुननं माहेरून आणलेली बकरी. बाकीच्या सहा चांदीच्याच पोटच्या, आणि चांदी पुन्हा गाभण, दिवस भरत आलेले. आंधळी बकरी वीत असताना शकुननं गावात एकदा पाहिली होती. पिल्लू मागं पडलं होतं आणि बकरी पुढं हुंगत होती.

भय्याजींनी तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात घेतला.

"कळप फुटला, का गुण फुटते," ते म्हणाले. "तीनदा केलं मी, अन् कमी नाही झालं. काहून नाही झालं? माह्या नजरेआड चांगल्या बकऱ्या चोरून राहिली तू, म्हणून. याच्या म्होरं एक जरी डोळा गेला, तं तुह्या नावानं."

तिसऱ्या वेळी साती बकऱ्या अंगणातच होत्या, हे अंगणात चौघांना माहीत होतं. 

अमर तर खुर्चीत मागं टेकला. दसऱ्यापासून त्याला नीट जेवण जात नव्हतं. राजा कोणी आणला, हे अजून कोणी मोठ्यानं विचारलं नव्हतं, पण कधीतरी विचारणार होतं. आता विचारणार नव्हतं. दोष कुठं ठेवायचा ते ठरलं होतं. अमरला भूक लागली.

"कैलाश," तो म्हणाला, "जाय, घेऊन ये बकऱ्या. बाबा थांबून हायेत."

कैलाश पाहत नाही

कैलाशचं एक आहे. समोरचा जे बोलतो ते त्याला पटतं. सकाळी शकुन बोलली ते पटलं. आता दादा बोलला तेही पटलं. वाटेत ग्रामपंचायतीजवळ एकानं विचारलं, कुठं निघाला, आणि मंडई सोडून शेतात जाणं बरं नाही म्हणाला. तेही पटलं, पण तोवर तो चालायला लागला होता.

शकुनच्या चेहऱ्याकडे त्यानं निघताना पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचंही पटलं असतं.

झोपडीचं दार उघडताच साती बकऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. चौदा डोळे. पिवळे, स्वच्छ, मधे आडवी काळी फट. असं कोणी त्याच्याकडे फार दिवसांत पाहिलं नव्हतं. घरात त्याच्याकडे पाहतात ते कामाला पाठवण्यासाठी. त्यानं दोरी सोडली. चांदी जड पोटानं हळूहळू निघाली, आणि कैलाशला फार बरं वाटलं. ती हळू चालते आहे, तर उशीर होणारच. त्यात त्याचा काय दोष.

तो तिच्याहून हळू चालत राहिला.

टीना मोबाईलमधून पाहते

टीनाला स्टेटस ठेवायचं होतं. सासरेबुवा, दुपट्टा, बकऱ्या, मागं मंडईचा भोंगा. तिनं मोबाईल आडवा धरला.

पहिला राजा, कारण तो सर्वांत दुखणाईत. अंजूनं त्याचं डोकं मांडीवर दाबून धरलं. भय्याजींनी पापणी वर केली, पिचकारी मारली. राजा ओरडला. भय्याजींनी दुपट्ट्याच्या टोकानं डोळा पुसला आणि पांढरीकडे वळले.

चित्र छान दिसावं म्हणून टीनानं दोन बोटांनी मोठं केलं.

राजाच्या डोळ्यातून एक तार निघाली होती. पिवळट, चिकट. दुपट्ट्याचं टोक उचललं तशी ती लांब झाली, तुटली, आणि टोकाला लटकत राहिली. टोक पांढरीच्या डोळ्यावर गेलं. परत आलं तेव्हा तार जाड झाली होती. मग काबरी. मग काबरीचं पिल्लू, ज्याचा एक डोळा अजून अर्धा चांगला होता. टीना पडद्यावर त्या टोकाच्या मागोमाग गेली. पाचव्या बकरीला तिनं पदर तोंडाला लावला. सकाळी याच हातानं सासरेबुवांनी तिला पेढा दिला होता.

तिनं खुर्ची हातभर मागं घेतली. चप्पल काढली होती ती घातली. आणि तो व्हिडिओ तिनं ठेवला नाही, पुसलाही नाही.

शकुन दारात उभी होती. दोघींची नजर एकदा भेटली. टीनानं आपली आधी वळवली.

अंजू पाहते, एका डोळ्यानं

बारावी बकरी झाली. भय्याजींच्या कपाळावर घाम आला होता. पाहुणे दबून बोलत होते. फाटकाशी घुंगरू वाजलं. कैलाश आला होता, मागं साती बकऱ्या, आणि सर्वांत पुढं चांदी. तिचा एक पाय फाटकाच्या आत पडला होता.

शकुन दारातून निघाली आणि फाटकात जाऊन उभी राहिली. हात पसरले नाहीत, ओरडली नाही. नुसती बकरीच्या आणि अंगणाच्या मधे.

"सरक," भय्याजी म्हणाले.

"नाही सरकत, मामाजी."

"कैलाश, सरकव तिले."

कैलाशनं दोरीची गाठ पाहायला घेतली.

त्या वेळी राजानं डोकं झटकलं. त्याचं डोकं अजून अंजूच्याच मांडीवर होतं, पण मांडी सैल झाली होती. तिचं लक्ष फाटकाकडे होतं. लांब कानांचा फटका बसला आणि राजाच्या तोंडावरचं सगळं ओलं तिच्या उजव्या डोळ्यात उडालं. तिनं हाताच्या पाठीनं डोळा चोळला. जास्तच झोंबलं. पुन्हा चोळला. एका मिनिटात डोळा लाल.

भय्याजी हसले. सकाळपासून पहिल्यांदा खरंखुरं हसले.

"ये बाई," ते म्हणाले. "लहानपणासारखी बस. हात पिकूनच हाय आता."

आणि एका हाताच्या बोटांनी पापणी धरायला, दुसऱ्या हातात दुपट्ट्याचं ते टोक घेऊन, ते लेकीकडे वळले.

अंजूनं एका डोळ्यानं ते टोक पाहिलं. ओलं, पिवळं, त्यावर केस चिकटलेले, एक माशी बसलेली. ती माशी उठायलाही तयार नव्हती.

"बाबा, पहिले हात धुवा ना," ती म्हणाली.

म्हणून गेली. विचार करायला वेळ असता तर म्हणाली नसती.

भोंगा वाजत होता. 

"काय म्हणली?" भय्याजींनी विचारलं.

 ती दोन पावलं मागं सरकली होती, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

"कायले तमाशा करते, अंजू?" अमर खुर्चीतून म्हणाला. "बस ना बाबाच्या समोर. दोन मिनिटाचं काम."

"तू बस ना, दादा. बोकड तुहाच हाय."

अमर बसला नाही. त्याला लाखनीहून एक महत्त्वाचा फोन आला. मोबाईल वाजलेला कोणी ऐकला नाही, पण तो कानाला लावून तो मांडवाबाहेर गेला.

शकुननं फाटक सोडलं नाही. मागं न वळता नवऱ्याला म्हणाली, "घेऊन जा." आणि कैलाशला पटलं. या वेळी ते पटायला त्याला काही वेळ लागला नाही. त्यानं चांदीला वळवलं. ती वळताना हळू नव्हती.

मग शकुन आत गेली, मातीच्या मडक्यातून तांब्याभर पाणी आणलं, अंजूचा चेहरा वर केला आणि तिच्या डोळ्यावर धार धरली. अंजू रडत होती की पाणी होतं, ते पाहायला शकुन थांबली नाही. साबण दिला आणि हात धुवायला सांगितले.

गोदावरीबाई

गोदावरीबाई सकाळपासून बाजेच्या कडेला लसूण सोलत बसली होती. भय्याजींची बायको. उजवा खांदा नवरात्रापासून धरलेला, हात कानाच्या वर जात नाही, पिळायचं काम होत नाही. कपडे आता शकुन धुते. एक कपडा सोडून, कारण त्याला भय्याजी सुनेला हात लावू देत नाहीत.

"देवघरात ठेवलेली वस्तू हाय ती," भय्याजी पाहुण्यांना सांगत होते. आवाज चढला होता. "बावीस वर्षं. पाणी नाही लागलं. लेक म्हणते, हात धुवा. सून म्हणते, रोग कापडानं जाते. बावीस वर्षं नाही गेला, तं आता जाते?"

"मी धुवत होतो," गोदावरीबाई म्हणाली.

लसणाची पाकळी तिनं वाटीत टाकली.

"काय?"

"दुपट्टा. तुम्ही बकरीचा डोळा पुसून देवघरात ठेवा, अन् झोपा. पहाटे मी तो काढो. राखेचं उकळतं पाणी, त्यात बुडवो, पिळो, चुलीवर वाळवो, घडी करून परत ठेवो. बावीस वर्षं. घाण येये त्याची, बापा. देवाजवळ कसा ठेवू?" ती जरा थांबली. "खांदा धरला तवापासून नाही धुतला."

भय्याजींनी दुपट्ट्याकडे पाहिलं. मग बायकोकडे. मग पाहुण्यांकडे, पण पाहुणे मटण शिजलं का ते पाहत होते.

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्हाले पांढरा आवडे," ती म्हणाली.

एवढं बोलून तिनं बाजेवरचा नवा दुपट्टा घेतला. चिठ्ठी काढली. एक टोक दातात धरलं, कारण खांदा साथ देत नव्हता, आणि डाव्या हातानं ओढला. कापड चांगलं होतं, सहज फाटलं नाही. टीना उठली. खुर्ची सोडून, मोबाईल बाजेवर ठेवून, तिनं दुसरं टोक धरलं.

"किती करू, आत्याबाई?" तिनं सासूला विचारलं.

"विचार तिले."

"चोवीस," शकुन म्हणाली. ती बॅग घेऊन आली होती. "डोळे चोवीस हायेत."

लाखनीच्या कापडाचे चोवीस तुकडे झाले. अमर मांडवाबाहेरून पाहत होता, मोबाईल अजून कानालाच.

काबरीचा डोळा वाचणार नाही, असं शकुननं टीनाला हळूच सांगितलं. पांढरीचे कदाचित. पिल्लाचा एक नक्की. टीनानं पिल्लाला मांडीवर घेतलं, चांगल्या साडीवर.

भय्याजी हापशीजवळ जाऊन उभे होते. तोटीखाली हात धरून. हापशी कोणीतरी हापसावी लागते, आणि त्यांच्या आयुष्यात ते दुसरं कोणीतरी नेहमी होतं. अंजू डोळा धरून बसली होती. कैलाश बोडीच्या वाटेवर होता. गोदावरीबाईनं खांद्याकडे बोट दाखवलं आणि लसूण सोलायला घेतला. त्यांनी बाजेवर टाकलेला जुना दुपट्टा तिनं आधीच चुलीत सारला होता. त्याचा वास मटणात मिसळत होता.

बराच वेळ म्हातारा तसाच उभा राहिला, कोरड्या तोटीखाली हात धरून.

शेवटी शकुन गेली. दांडा धरला. पाणी आलं. भय्याजींनी हात पाण्याखाली फिरवला आणि मागं घेतला.

"अजून," ती म्हणाली, आणि साबण पुढं केला.

त्यांनी तळवे चोळले. पुन्हा हात मागं घेतला.

ती हापसायची थांबली नाही.

"नखं, मामाजी."